निम्म्यावर ठेवा, प्लग काढा आणि निघा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये हल्ली एक नवे शास्त्र रुजले आहे. कोणी सहा महिन्यांसाठी लेकाकडे अमेरिकेला निघाले, कोणी मे महिन्यात गावी निघाले, की त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीभोवती पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ भरते. निकाल ठरलेला असतो: बॅटरी फुल करून ठेवा, चार्जर लावूनच ठेवा आणि चावी वॉचमनकडे द्या, आठवड्यातून एकदा सुरू करेल. हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की उलट विचारायची सोय उरत नाही. मी विचारणार आहे. कारण यातला पहिला भाग बॅटरीचे आयुष्य खातो, दुसरा आपल्याकडच्या वायरिंगवर नको तेवढा विश्वास टाकतो आणि तिसरा विमा कंपनीच्या हाती दावा नाकारायचे आयते निमित्त देतो.

आधी 'फुल'चे पाहू. ही सवय आपल्याला इन्व्हर्टरने लावली. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचते आणि ती कामातून जाते. म्हणून बॅटरी भरलेली असावी हे घरोघरी पक्के बसले आहे, आणि इन्व्हर्टरपुरते ते खरेही आहे. गाडीच्या तळाशी बसवलेल्या लिथियम-आयन बॅटरीचे रसायन निराळे. भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम ठासून बसलेले असते. त्या स्थितीत ग्रॅफाइट आणि भोवतीचे इलेक्ट्रोलाइट यांच्यात एक संथ अभिक्रिया चालू राहते. ग्रॅफाइटवरचा पापुद्रा जाड होत जातो आणि कामाला येणारे थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. गाडी एक किलोमीटरही न चालता हे घडते. त्याचा वेग दोन गोष्टी ठरवतात: सेल किती भरलेला आहे आणि किती तापलेला आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. आता घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात उघड्या पोडियमवर, एप्रिलच्या उन्हात, शंभर टक्के भरून उभ्या केलेल्या गाडीचा विचार करा. बॅटरी लवकर म्हातारी करायची असेल तर याहून चांगली व्यवस्था सुचणार नाही.

'पण आमच्या गाडीत लिक्विड कूलिंग आहे', असे यावर सांगतात. असेल, पण बहुतेक गाड्यांत ते चालवताना आणि चार्जिंग करताना काम करते. गाडी बंद करून तुम्ही विमानात बसलात की तेही बंद. उन्हाने काय होते याचा दाखला जुना आहे. निसान लीफ ही गाडी अमेरिकेत २०१०च्या अखेरीस विकायला आली. तिच्या बॅटरीला द्रवाने गार ठेवायची सोय नव्हती. २०१२च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्ससारख्या तापत्या शहरांमधून मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या, की दोन वर्षेही झाली नाहीत आणि बॅटरीची क्षमता दिसण्याइतकी घटली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि कंपनीला क्षमतेची हमी द्यावी लागली. थंड हवेच्या राज्यांतून तशी ओरड आली नाही. गाडी तीच होती, ऊन वेगळे होते.

बॅटऱ्यांची ने-आण हा ज्यांचा रोजचा धंदा आहे ते काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवायच्या तर १ एप्रिल २०१६पासून त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो मुख्यतः आगीच्या धोक्यासाठी आहे, कारण सेल जितका भरलेला तितका तो बिघडल्यावर भडका मोठा. आगीच्या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे. पण भरलेली बॅटरी म्हणजे सुरक्षित बॅटरी हा समज तिथेच मोडतो.

आता प्रतिपक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. नेक्सॉन, टियागो, विंडसर अशा आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या कितीतरी ईव्हींमध्ये एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत. एलएफपी गाडी ठरावीक काळाने शंभर टक्के चार्ज करा, असे कंपन्या स्वतःच सांगतात. टेस्ला तर आपल्या एलएफपी गाड्यांसाठी आठवड्यातून एकदा सांगते. 'मग तुम्ही कोण शहाणे लागून गेलात?' असा प्रश्न मला विचारता येईल. उत्तर त्या सूचनेच्या कारणात आहे. एलएफपी सेलचे व्होल्टेज वीस टक्क्यांवर आणि ऐंशी टक्क्यांवर जवळजवळ सारखेच असते. त्यामुळे बॅटरी किती उरली याचा गाडीच्या संगणकाचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरली की व्होल्टेज एकदम वर चढते आणि तिथे त्याचा हिशेब जुळतो. म्हणजे ही सूचना मीटर बरोबर राहावा म्हणून आहे, सेलच्या तब्येतीसाठी नाही. रोज चालणारी गाडी फुल होते आणि दुसऱ्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत उतरायलाही लागते. अडचण फुल करण्यात नाही, फुल करून महिनोन् महिने सोडून देण्यात आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या प्रयोगशाळेने २०२४मध्ये एलएफपी सेलवरचे काम प्रसिद्ध केले. त्यातही हेच दिसले: हे सेल सतत भरलेल्या पातळीजवळ वापरले तर खालच्या पातळीवर वापरलेल्यांपेक्षा लवकर झिजतात. एलएफपी दणकट आहे हे मान्य. पण दणकट आहे म्हणून हाल करावेत असे नाही. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल असलेल्या क्रेटा इलेक्ट्रिक किंवा एक्सयूव्ही ४०० सारख्या गाड्यांना तर शंभर टक्क्यांवर पडून राहणे अधिकच बाधते.

'ठीक आहे, पण निम्मी ठेवली आणि परत येईपर्यंत शून्य झाली तर?' ही भीती रास्त आहे. शून्यावर पडून राहणे शंभरावर पडून राहण्याहून वाईट. लीफच्या माहितीपुस्तिकेत तर बॅटरी शून्याजवळ असताना गाडी १४ दिवसांहून जास्त ठेवू नये असे लिहिलेले आहे. पण भीतीला आकड्यांनी उत्तर द्यावे. लिथियम-आयन सेल स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्क्यांपलीकडे सहसा उतरत नाही. बाकी उतरते ते गाडीतल्या जाग्या इलेक्ट्रॉनिक्समुळे, आणि ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते. तेव्हा जायच्या आधी एखादा आठवडा गाडी हलवू नका आणि आधी-नंतरचे टक्के लिहून ठेवा. आठवड्याला एक टक्का जात असेल तर सहा महिन्यांत २६ टक्के जातील. साठावर ठेवलेली गाडी चौतिसावर सापडेल, कुठे बिघडले? उलट रोज एक टक्का जात असेल तर सहा महिन्यांत १८० टक्के लागतील, आणि तेवढी भरायची सोय कुठल्याच गाडीत नाही. शंभर टक्के भरूनही ती चौथ्या महिन्यात शून्यावर येणार. म्हणजे कमी उतरणाऱ्या गाडीला फुलची गरज नाही आणि जास्त उतरणाऱ्या गाडीला फुल पुरत नाही. मधल्या काही गाड्या उरतात, त्यांचे गणित साठात बसणार नाही. त्यांच्यासाठी आणि रोज टक्का खाणाऱ्यांसाठी मार्ग एकच: मध्ये एकदा-दोनदा कोणीतरी तासभर चार्जिंग लावणे. त्यासाठी घरचे किंवा शेजारचे कोणीतरी लागते, आणि तेवढी माणसे डोंबिवलीत अजून मिळतात.

जाता जाता एक. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणाऱ्याने यातले काही करायची गरज नाही. निघताना मुद्दाम फुल करू नका, एवढे पुरे. दहा दिवसांच्या गैरहजेरीसाठी पार्किंगमध्ये तासभर चर्चासत्र घेणाऱ्यांचा वेळ मोदकांच्या सारणाकडे वळवला तर समाजाचे जास्त भले होईल.

आता प्लगकडे वळतो. माझा खरा राग इथे आहे, कारण हा सल्ला आपल्याकडे जन्मलेला नाही. तो न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर येतो. मुलाच्या घराला स्वतःचे गॅरेज आहे, भिंतीवर कंपनीचा चार्जर आहे, ॲपमध्ये 'पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नको' अशी मर्यादा घालता येते, आणि जानेवारीत बाहेर बर्फ असतो तेव्हा प्लगमधून येणारी वीज बॅटरीला ऊबही देते. तिथे 'प्लग लावून ठेव' हे अगदी बरोबर आहे. टेस्लाही मालकांना तेच सांगते. बाबांची गाडी मात्र डोंबिवली पूर्वेला तीस वर्षे जुन्या इमारतीच्या स्टिल्टमध्ये, मीटर रूमशेजारी उभी आहे. तिचा चार्जर पंधरा अँपियरच्या सॉकेटला आहे, आणि काही ठिकाणी तर चौथ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेल्या वायरला. तिला ऊब नको आहे, तिला गारवा हवा आहे. आणि चार्जिंगची मर्यादा घालायची सोय तिच्यात नसेल तर प्लग लावून ठेवणे म्हणजे तिला शंभरावरच धरून ठेवणे.

बॅटरीचे एकवेळ सोडा, सॉकेटचे काय? तासन् तास पूर्ण भार वाहणाऱ्या सॉकेटचा एखादा स्क्रू ढिला असेल तर तो तापतो, प्लास्टिक वितळते. घरात असताना वास येतो, माणूस धावतो. तुम्ही न्यू जर्सीत असाल तर कोण धावणार? ठाणे-कल्याणच्या बहुतेक भागात महावितरणची वीज आहे, कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात २०२०पासून टोरंटची. कंपनी कोणतीही असो, जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते आणि येते तेव्हा झटक्याने येते, हे फ्रिजवाल्यांनाही ठाऊक आहे. पावसाळ्यात ओल धरली की आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो, आणि पडायलाच हवा, त्याचे कामच ते. पण मग तुमची गाडी 'प्लग लावलेली' राहते ती फक्त तुमच्या मनात. उतरत ती असतेच, आणि तुम्ही निर्धास्त असता म्हणून कोणाला पाहायलाही सांगत नाही. उघड्या डोळ्यांनी काढलेला प्लग परवडला. इमारत नवी असेल, वेगळे मीटर, स्वतंत्र एमसीबी, तपासलेले अर्थिंग आणि गाडीत चार्ज-मर्यादा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पन्नासावर मर्यादा घालून प्लग ठेवलात तर माझी हरकत नाही. असे पार्किंग ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या सल्ल्यासोबत तेही सांगावे.

ॲपबद्दलही सांगायला हवे. सातासमुद्रापलीकडे सकाळच्या चहाबरोबर रोज ॲप उघडून 'गाडी कशी आहे' पाहणारे बाबा मला माहीत आहेत. प्रत्येक वेळी अनेक गाड्या झोपेतून उठतात, संगणक सुरू होतात, मोबाइल नेटवर्कला जोडल्या जातात आणि काही काळ जाग्या राहतात. बॅटरीची काळजी म्हणून केलेली चौकशी बॅटरीच खाते. महिन्यातून एकदा बघा.

गाडी न सुरू होण्याचे कारण बहुतेकदा मोठी बॅटरी नसतेच. ईव्हीतही बारा व्होल्टची साधी बॅटरी असते. दारे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतात. ती बसली की मोठ्या बॅटरीत साठ टक्के असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते, काही वेळा चार्जिंगही घेत नाही. लोक परत येतात, गाडी उघडत नाही, आणि 'ईव्हीची बॅटरी गेली, आता लाखांचा खड्डा' अशी बोंब पार्किंगभर होते. प्रत्यक्षात गेलेली असते ती काही हजारांची बॅटरी. काही गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप चार्ज करतात, काही करत नाहीत. तुमची कोणत्या जातीची हे माहितीपुस्तिकेत असते, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. करत नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी गाडी 'रेडी'मध्ये अर्धा-एक तास ठेवायला हवी, किंवा पुस्तिका परवानगी देत असेल तर छोट्या बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायला हवे.

म्हणजे 'आठवड्यातून सुरू करा' यात तथ्य आहे, पण माणूस चुकला आहे. ज्याच्याकडे परवाना नाही अशा वॉचमनने गाडी हलवली आणि खांबाला घासली, कोणाच्या पायावर घातली, तर विमा कंपनी काय म्हणेल हे सांगायला वकील नको. त्यात ईव्हीचा आवाज नसतो आणि पायाखाली पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून असतो. शिवाय काही गाड्यांची स्मार्ट चावी जवळच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकत राहिली की गाडी तिला ओळखून पुन्हा पुन्हा जागी होते. चावी शेजाऱ्याकडे द्या, परवाना असलेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या.

पावसाळ्याबद्दल हे सल्लागार एक शब्द काढत नाहीत याचे मला नवल वाटते. २६ जुलै २००५चा महापूर या परिसराने पाहिला आहे. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावे लागले. म्हारळ, वरप, कांबा, कल्याणचा वालधुनी काठ, ठाण्यात वंदना सिनेमाचा परिसर, इथे पाणी भरते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ईव्हीच्या बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे असे विक्रेता अभिमानाने सांगतो. त्या चाचणीचा अर्थ एक मीटर पाण्यात तीस मिनिटे एवढाच आहे. तळमजल्यात रात्रभर साचलेल्या, गटार मिसळलेल्या पाण्याचा त्यात समावेश नाही. जून ते सप्टेंबर बाहेर असणार असाल तर टक्केवारीच्या आधी जागा बघा. पाण्यात बुडालेली गाडी कोणीही परस्पर सुरू करू नये किंवा चार्जिंगला लावू नये, हे शेजाऱ्याला आधीच बजावून ठेवा. जागा बघताना उंदीर-घुशींचाही विचार करा. कुरतडलेली वायर बॅटरीच्या रसायनापेक्षा लवकर खर्चात पाडते. आणि दिवाळीत बाहेर जाणार असाल, तर पेटत्या फटाक्यांच्या गल्लीत गाडीवर नायलॉनचे कव्हर घालून जाऊ नका.

राहिली सोसायटी. 'मालक नसेल तर ईव्ही आवारातून बाहेर काढा' असा सूर काही कमिट्यांमध्ये लागतो. जून २०२२मध्ये वसईत एका इलेक्ट्रिक कारला आग लागल्याचा व्हिडिओ घराघरात पोचला, त्याच वर्षी स्कूटरच्या आगी गाजल्या, आणि ती धास्ती समजण्यासारखी आहे. त्यानंतर केंद्राने बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, हेही कमिटीने लक्षात घ्यावे. पण नियम बाजूला ठेवून विचारतो: आगीची भीती असलेल्या कमिटीला काय हवे असायला पाहिजे? कमी भरलेली बॅटरी, काढलेला प्लग, सावलीतली जागा. बॅटरीच्या आयुष्यासाठी मालकालाही नेमके हेच हवे. दोघांचे हित एकच असताना भांडण कशाचे? गाडी बाहेर रस्त्यावर, उन्हात, नाल्याकाठी ढकलून कमिटी धोका कमी करत नाही, फक्त नजरेआड करते. आणि स्वतःच्या वीजजोडणीवर घरी गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे, त्यामुळे सरसकट बंदीची भाषा टिकणारी नाही.

'एवढे सगळे करायचे तर पेट्रोलच बरी', हा शेवटचा बाण. पेट्रोलची गाडी सहा महिने उभी ठेवून बघा. तिची बारा व्होल्टची बॅटरीही बसते, टायर चपटतात, टाकीतले पेट्रोल जुने होते, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेले इंधन हवेतली ओल ओढून घेते. उंदीर तर इंधन बघून वायरी कुरतडत नाहीत. फरक इतकाच की तिचे आजार आपल्या सवयीचे झाले आहेत.

माहितीपुस्तिकेतल्या साठवणुकीच्या पानाला गाडी विकणाऱ्यांनी कधी महत्त्व दिले नाही, म्हणून ही जागा पार्किंगमधल्या सल्लागारांनी घेतली. शोरूमनी डिलिव्हरीच्या दिवशी एक मराठी कागद हातात द्यावा, त्यावर त्या मॉडेलची बॅटरी कोणती, उभी ठेवायची टक्केवारी किती आणि बारा व्होल्टचे काय करायचे, एवढेच असले तरी चालेल. सोसायट्यांना त्याची वाट पाहायचे कारण नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत एक ठराव घाला: महिन्याहून जास्त बाहेर जाणाऱ्या सभासदाने ईव्ही साठ टक्क्यांच्या आत ठेवावी, प्लग काढावा, शेजाऱ्याचा फोन नंबर कार्यालयात द्यावा, आणि सोसायटीने त्या काळापुरती सावलीतली, पाणी न भरणारी जागा त्याला अदलाबदलीने द्यावी.